हत्यार : हाताशी असलेले आणि मागवून आणलेले

फौजदारी निकालपत्राच्या अगदी अखेरीस, शिक्षेचा आणि दंडाचा हुकूम लिहून झाल्यावर, एक वाक्य असे असते की जे वकील वाचीत नाहीत, आरोपीला कोणी समजावून सांगत नाही आणि वृत्तपत्राच्या बातमीदारापर्यंत तर ते कधी पोचतच नाही : जप्त मुद्देमाल, कोयता एक, दगड एक, रक्ताचे डाग असलेले कपडे, निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावा. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्यावरील आमच्या न्यायसंकुलात बसून ही वाक्ये वर्षानुवर्षे वाचीत गेल्यावर माझ्या मनात एक समजूत हळूहळू बळावत गेली आहे, ती अशी की गुन्ह्याची जात ओळखावयाची तर त्याला लागलेल्या कलमापेक्षा त्यात वापरलेल्या वस्तूकडे आधी पाहावे. कारण कलम हे फौजदार लावतो आणि पुढे बदलतोही, परंतु मनुष्याने त्या क्षणी हात कशाकडे नेला, आणि ती वस्तू जागेवरच पडलेली होती की घरातून, गावातून, परराज्यातून आणलेली होती, ही गोष्ट पंचनाम्यात एकदा लिहिली गेली म्हणजे तिच्यात फेरफार करणे अवघड असते.

निरनिराळ्या हिंसक गुन्ह्यांत कोणती हत्यारे वापरली जातात आणि त्यांचा कल कोणत्या दिशेने चालला आहे, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत पन्नास-साठ वर्षे मोठ्या बारकाईने अभ्यासला गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या गणनेप्रमाणे २०१७ साली जगभरात सुमारे ४,६४,००० माणसे खुनाने मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५४, बंदुकीने आणि शेकडा २२ धारदार हत्याराने मारली गेली. या सरासरीवर विसंबून कोल्हापूर जिल्ह्याविषयी काही अनुमान काढू पाहणारा मनुष्य मात्र फसेल, कारण त्या ५४ मध्ये अमेरिका खंडाचा वाटा फार मोठा आहे. हिंदुस्थानात बंदुकीने मारल्या गेलेल्यांचे प्रमाण एकूण खुनांच्या दहाव्या-आठव्या हिश्शाच्या आसपास घोटाळत आले आहे. त्यांतही बिनपरवान्याच्या बंदुकीचा भाग परवान्याच्या बंदुकीपेक्षा कितीतरी मोठा, आणि बहुतेक प्रकरणे उत्तर प्रदेश-बिहारकडील. उरलेले कशाने मेले, याचे उत्तर आपल्या सरकारी अहवालांत शोधू जावे तर निराशा पदरी येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतो आहे. त्यात खुनाचे हेतू मोजले जातात, जप्त पिस्तुले आणि काडतुसे मोजली जातात, एके काळी बंदुकीचे बळीही परवाना आणि बिनपरवाना असे विभागून मोजले जात. पण कोयता, कुऱ्हाड, दगड, दोरी आणि रॉकेल यांच्यासाठी त्या भव्य तक्त्यांत रकाना नाही.

हेतूंचा तक्ता मात्र बोलका आहे. २०२२ साली देशात २८,५२२ खुनांचे गुन्हे नोंदले गेले, त्यांपैकी २,२९५ महाराष्ट्रातले. देशातील खुनांपैकी ९,९६२ निरनिराळ्या वादांतून, ३,७६१ वैरातून आणि अवघे १,८८४ लाभासाठी झाले. म्हणजे लुटारूच्या हातून मरण्यापेक्षा भाऊबंदाच्या, शेजाऱ्याच्या किंवा काल संध्याकाळपर्यंत एका ताटात जेवलेल्या मित्राच्या हातून मरण्याचा संभव या देशात पाचपट अधिक आहे. आणि वाद हा मुहूर्त पाहून होत नसल्यामुळे वादात हत्यार निवडण्याला सवड नसते, जे हाताला लागते तेच हत्यार होते.

आमच्या भागात हाताला काय लागते, हे समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे गेले पाहिजे. १८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले. त्याच वर्षी सरकारने लोकांजवळची शस्त्रे काढून घेण्याचा कायदा केला, आणि दक्षिण मराठा मुलखात त्याची अंमलबजावणी सुरू होताच मुधोळनजीकच्या हलगलीच्या बेडरांनी शस्त्रे देण्याचे नाकारून प्राण दिले. पुढच्या वर्षी नरगुंदकर भावे यांच्या उठावात पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, त्याच्याही मुळाशी दत्तकाच्या प्रश्नाबरोबर हे निःशस्त्रीकरणाचे शल्य होते. १८७८ साली लिटनसाहेबाने केलेल्या कायद्याने या नीतीला कायमचे रूप दिले आणि स्वतंत्र हिंदुस्थानने १९५९ साली जो नवा शस्त्र अधिनियम केला, त्यानेही परवान्याची चौकट मोडली नाही. जुन्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी या निःशस्त्रीकरणाविरुद्ध पुष्कळ लिहिले, आणि राजकीय दृष्टीने ते यथार्थच होते. परंतु त्याचा एक परिणाम त्यांच्या ध्यानी आला नसावा, तो असा की पाच-सहा पिढ्या शेतकऱ्याच्या घरातून बंदूक नाहीशी झाली आणि बांधावरचे भांडण बंदुकीवाचून भांडण्याची त्याला सवय लागली. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरी भागात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी बंदूक अद्याप कुठे कुठे आढळते; निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत घरी येते. शिकारीच्या खटल्यात तिचे नाव निघते, खुनाच्या खटल्यात क्वचितच.

बंदुकीने मोकळी सोडलेली जागा अवजारांनी घेतली. १९५९ च्या अधिनियमाने ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना, केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी वा साधी हातकाठी, त्यातून स्पष्टपणे वगळल्या. आणि नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार, जंबिया, भाला अशी हत्यारे बंधनाखाली आणली, पण तेथेही घरकाम, शेती आणि उद्योगधंदा यांच्यासाठी बनविलेल्या वस्तूंना सूट ठेवली. विधिकर्त्यांचे यात काही चुकले असे मला वाटत नाही, कारण ज्या देशात निम्म्या लोकांचे पोट पात्यावर चालते तेथे पात्याला परवाना लावणे म्हणजे रयतेला उपाशी मारणे होय. आमच्या जिल्ह्यात तर कोयता ही वस्तू राहिलेली नाही, ती गणनेचे माप झाली आहे. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात तेव्हा मुकादम माणसे मोजीत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मनुष्य म्हणजे अर्धा कोयता, आणि उचल दिली जाते ती कोयत्यामागे. ज्या लोखंडाच्या पात्याने हा जिल्हा साखर आणि गूळ पिकवितो, त्याच पात्याचे नाव शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी आणि जुना राजवाडा या शहरातील ठाण्यांच्या दप्तरांत वारंवार यावे, यात आश्चर्य ते काय? त्याच्या जोडीला खुरपे, विळा, कुऱ्हाड, पहार, सत्तूर, लोखंडी सळई आणि ज्याचे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल तो आमच्याकडचा एडका, अशी ही यादी आहे. तिच्यातील पुष्कळशा वस्तू आठवड्याच्या बाजारात भाजीच्या शेजारी मांडलेल्या असतात.

येथे एका गैरसमजाची वासलात लावून पुढे जातो. कोल्हापूर हे मर्दानी खेळाचे माहेरघर; येथील आखाड्यांतून पट्टा, फरी-गदका, बोथाटी, विटा आणि लाठी यांची परंपरा जिवंत आहे, आणि २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मानही मिळाला. यावरून परगावचे काही लेखक आमच्या मारामाऱ्यांचे मूळ या शस्त्रपूजेत शोधतात. पट्टा फिरविण्याला जी वर्षानुवर्षांची मेहनत लागते ती केलेला मनुष्य रात्री गल्लीच्या तोंडाशी एडका घेऊन उभा राहत नाही, आणि जो उभा राहतो त्याला पट्टा कसा धरावा हे माहीत नसते. न्यायालयात मी पुष्कळ हत्यारे पाहिली. पट्टा एकदाही पाहिला नाही.

आता गुन्ह्याच्या प्रकारांकडे वळू. पहिला आणि सर्वांत मोठा वर्ग क्रोधाच्या गुन्ह्यांचा : बांध कोरला, पाण्याची पाळी चुकविली, दारूच्या बैठकीत शिवी दिली, वाटणीत दोन गुंठे कमी आले. या गुन्ह्यांत हत्यार जागेवरचे असते आणि म्हणून घटना शेतात घडली की खुरपे वा कुऱ्हाड, स्वयंपाकघरात घडली की विळी वा वरवंटा, रस्त्यावर घडली की दगड वा बाटली, असा स्थळाचा शिक्का त्यावर उमटलेला दिसतो. जुन्या दंडसंहितेची ३२४ आणि ३२६ ही कलमे, जी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ११८ व्या कलमात सामावली गेली, ती या वस्तुस्थितीची किती जाणीव ठेवून लिहिली आहेत पाहा : मारण्याचे, भोसकण्याचे वा कापण्याचे साधन, अग्नी, तप्त पदार्थ, विष, दाहक द्रव्य, स्फोटक, इतकेच नव्हे तर एखादे जनावर अंगावर सोडणे, हे सारे त्यांत येते. मेकॉलेच्या या मसुद्याला, हत्यार हे कारखान्यात बनते असा भ्रम नव्हता.

पुढे न्यायालयांनी यातूनच हेतू जोखण्याची कसोटी घडविली. १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात भाल्याचा एकच घाव होता. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी सांगितले की जी जखम प्रत्यक्षात झाली तीच करण्याचा इरादा होता काय आणि ती निसर्गक्रमाने मरण आणण्यास पुरेशी होती काय, एवढे पाहावे. २००६ च्या पुलिचेर्ला नागराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इराद्याची जी लक्षणे मोजली, त्यांत दुसरेच लक्षण असे आहे की हत्यार आरोपीने बरोबर आणले होते की घटनास्थळी उचलले. माझ्या सर्व विवेचनाचा कणा हाच भेद आहे. १९५९ च्या एप्रिलमध्ये मुंबईत गाजलेल्या नानावटी प्रकरणात सारा महाराष्ट्र पतीच्या संतापाची कैफियत चवीने वाचीत होता आणि ज्यूरीही विरघळली होती. परंतु उच्च न्यायालय आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढे जो मुद्दा निर्णायक ठरला तो असा की नौदलाचा तो अधिकारी पत्नीची कबुली ऐकून थेट तिचा प्रियकर प्रेम आहुजा याच्याकडे गेला नाही. तो आपल्या जहाजावर गेला, खोटे निमित्त सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली आणि मग गेला. रिव्हॉल्व्हर आणावयाला लागलेल्या त्या वेळाने संतापाची सबब खाऊन टाकली. तो जर दिवाणखान्यातील पितळी फुलदाणी उचलता, तर निकालाचे कलम कदाचित निराळे लागते.

हत्याराला स्वतंत्र महत्त्व आहे, की मनुष्याने मारावयाचे ठरविल्यावर कोयता काय आणि पिस्तूल काय सारखेच, हा वाद जुना आहे. मार्व्हिन वुल्फगँग याने फिलाडेल्फिया शहरातील १९४८ ते १९५२ या काळातील ५८८ मृतांच्या दप्तराचा अभ्यास करून १९५८ साली ग्रंथ लिहिला. त्या वेळी त्या अमेरिकन शहरातही भोसकून मारलेले गोळीने मारलेल्यांपेक्षा अधिक होते, हे आज ऐकून नवल वाटेल. वुल्फगँगचा कल असा की बंदूक मिळाली नाही तर मारणारा सुरा उचलील. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, शिकागोचा फ्रँकलिन झिमरिंग याने त्याला उत्तर दिले : बहुतेक हल्लेखोरांचा ठार मारण्याचा संकल्प पक्का नसतोच, शरीराचा तोच भाग, तसलेच भांडण, पण सुऱ्याऐवजी बंदूक असेल तर मरणाचे प्रमाण सुमारे पाचपट होते. माझे मत निःसंशय झिमरिंगच्या बाजूचे आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या अपघात विभागात शनिवारी रात्री डोके फुटलेली, दंडावर वार झालेली जी माणसे रिक्षातून उतरविली जातात, टाके घालून घेतात आणि सोमवारी जबाब फिरवितात, ती सारी जिवंत आहेत याचे श्रेय आपल्या लोकांच्या सौम्यपणाला नाही. हातात कट्टा नव्हता, इतकेच त्याचे कारण आहे.

घराच्या चार भिंतींआडच्या गुन्ह्यांविषयी लिहिताना लेखणी जड होते. तेथे हत्यार असे काही दिसतच नाही. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सुनांच्या मृत्यूंच्या बातम्यांत ‘स्टोव्हचा भडका’ हे दोन शब्द इतके रूढ झाले की ते ऐकूनच लोक काय ते समजत. त्यातूनच १९८३ चे ४९८-अ आणि १९८६ चे ३०४-ब ही कलमे जन्मली. रॉकेल हे घरोघर रांगेत उभे राहून आणलेले इंधन होते, आणि म्हणून ते त्या काळचे सर्वांत निःशब्द हत्यार ठरले. स्वयंपाकघरात गॅस आला, रॉकेलचा डबा गेला, पण त्याबरोबर छळही गेला असे समजणारा भाबडा म्हटला पाहिजे, कारण विहीर, दोरी आणि शेतीतले कीटकनाशक जागच्या जागी आहेत. बलात्काराच्या बहुसंख्य फिर्यादींतही हत्यार नसते. आरोपी ओळखीचा असतो, दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत, आणि ओळख, वय, मालकी वा नाते यांचा धाकच हत्याराचे काम करतो. बातमीत हत्यार दिसले नाही म्हणजे गुन्हा सौम्य होता, असे वाचणाऱ्याने मानू नये. ॲसिडचे तसे नाही. ते विकत आणावे लागते, बाटलीत भरून वाट पाहावी लागते, म्हणून तो क्रोधाचा गुन्हा असल्याचा बचाव मला कधीच पटला नाही. २०१३ साली कायद्याने त्याला ३२६-अ हे स्वतंत्र कलम दिले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीला आळा घातला, हे योग्यच झाले.

हत्यार नसणे हे नेहमी अविचाराचे लक्षण असते असेही नाही, आणि माझ्या सिद्धान्ताला येथे एक मोठा अपवाद मान्य करावा लागतो. १९७६-७७ मध्ये पुण्याला हादरविणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा माणसे गेली आणि प्रमुख साधन होते नायलॉनची दोरी. ती चौकडी बंदूक मिळवू शकली नाही असे नव्हे, आवाज न करणारे आणि ओळख न सांगणारे साधन तिने जाणूनबुजून निवडले होते. आमच्या कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ साली ज्या दोन बहिणींना बालकांच्या अपहरण आणि खुनांसाठी फाशी सुनावली, आणि जी शिक्षा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली, त्या प्रकरणातील मुले ज्या रीतीने मेली ती येथे लिहिण्याची माझी इच्छा नाही. हत्याराची गरजच पडू नये इतकी ती लहान होती, एवढेच नमूद करतो. आणि २०१३ साली याच शहरात उघड्यावर झोपणाऱ्या निराधारांची डोकी दगडाने ठेचली जात होती तेव्हा, मुंबईत १९६८ मध्ये पकडल्या गेलेल्या रामन राघवची आठवण जुन्या लोकांना झाली. झोपलेल्या माणसाला मारण्यासाठी धार लागत नाही.

दरोडा आणि जबरी चोरी यांचा न्याय अगदी उलटा. तेथे हत्यार मारावयासाठी नसते, दाखवावयासाठी असते. जुन्या संहितेच्या ३९७ व्या कलमाने प्राणघातक हत्यार ‘वापरणाऱ्या’ लुटारूला किमान सात वर्षांची सजा ठेवली, तेव्हा वापरणे म्हणजे काय असा प्रश्न उपस्थित झाला. १९७५ च्या फूलकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उघडपणे हातात धरून भय घालणे म्हणजेच वापरणे असा निर्णय दिला. अमेरिकेत फिलिप कुक याने लुटीच्या प्रकरणांचा जो अभ्यास केला त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली : बंदुकीने लुटलेल्यांना जखमा कमी होतात, कारण कोणी प्रतिकारच करीत नाही, मात्र बंदुकीच्या लुटीत मरणारे अधिक. काठीवाला लुटारू आधी मारतो आणि मग मागतो. आमच्याकडे वाटमारीत काठी, चाकू आणि डोळ्यांत टाकावयाची मिरचीपूड हीच सामग्री पुष्कळ वर्षे होती. २०२३ च्या जूनमध्ये करवीर तालुक्यातील बालिंगा येथे भरदिवसा सराफी दुकानात गोळ्या झाडून दागिने लुटले गेले, तेव्हा कोल्हापूरकरांना जो धक्का बसला तो लुटीच्या रकमेचा नव्हता, आवाजाचा होता.

कटाच्या आणि टोळीच्या गुन्ह्यांत हत्याराचा इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि तो मुंबईचा इतिहास आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील दादा लोक रामपुरी चाकू, तलवार आणि चॉपर यांवर राज्य करीत. १२ फेब्रुवारी १९८१ रोजी प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर शबीर इब्राहिम कासकर गोळ्यांना बळी पडला आणि तेथून टोळीयुद्धाची भाषा बदलली. सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयात एके-४७ कडाडली. पुढच्या मार्चमध्ये बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. अवघ्या बारा वर्षांत चाकूपासून आरडीएक्सपर्यंतचा हा प्रवास झाला, आणि त्याला आवर घालण्यासाठी १९९९ मध्ये ‘मोक्का’ हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा करावा लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्र्याला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा ती भाषा विसरली गेली नव्हती हे दिसून आले.

कोल्हापुराने हे सारे दुरून वाचले होते. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी सागरमाळ परिसरात कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी परतत असता दुचाकीवरून आलेल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. २० तारखेला मुंबईत पानसरे गेले. त्यापूर्वी ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात डॉ. दाभोलकर, त्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूला गौरी लंकेश. चारही ठिकाणी गावठी बनावटीचे पिस्तूल, दुचाकी, आणि मृताशी ज्यांचे बांधाचे, वाटणीचे वा पैशाचे कसलेही भांडण नव्हते असे मारेकरी. बिंदू चौकात ज्या माणसाशी वाद घालण्यासाठी कोणालाही परवान्याची गरज नव्हती, त्याला मारण्यासाठी हत्यार मागवून आणावे लागले. क्रोधाच्या गुन्ह्यापासून कटाचा गुन्हा किती योजने दूर आहे ते यावरून कळते. दाभोलकर प्रकरणी मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडले.

गावठी कट्टा येतो कोठून, याचे उत्तर पोलिसांच्या प्रत्येक प्रेसनोटमध्ये जवळजवळ ठरलेले असते : जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेले उमर्टी आणि त्याच्या आसपासची गावे, किंवा मग अठराव्या शतकात मीर कासिमच्या वेळेपासून बंदुका घडविणारे बिहारातील मुंगेर. तेथील कारागिरांच्या संबंध जमातीला गुन्हेगार ठरविण्याची जी सवय लागली आहे ती ब्रिटिश अमदानीची उष्टी आहे आणि मला ती मान्य नाही. हुन्नर जुना, गिऱ्हाईक नवे, आणि मधला दलाल सर्वांत सुखी, अशी ही व्यवस्था आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची सजा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली आणि परवानाधारकाच्या बंदुका तिनावरून दोनावर आणल्या. पहिल्या तरतुदीचा उपयोग आहे. दुसरीने फारसे काही साधले असेल असे वाटत नाही, कारण परवान्याची तिसरी बंदूक खुनात सापडल्याचे एकही प्रकरण माझ्या पाहण्यात नाही.

आणि आता गेल्या काही वर्षांतील तो कल, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. मुंबईच्या वाटेने जाऊन चाकूकडून पिस्तुलाकडे सर्व राज्य सरकणार असे जे वाटत होते, तसे झाले नाही. धारदार हत्यार परत आले, पण वेगळ्या वेषात. पुण्यात २०२२ च्या सुमारास ‘कोयता गँग’ हा शब्द निघाला, त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पोचला, आणि मिसरूड न फुटलेली मुले दुकानांवर, वाहनांवर कोयते आपटून दहशत माजवीत असल्याची दृश्ये घरोघर मोबाइलवर दिसली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यात एका गाडीत ८९ तलवारी सापडल्या. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकावे आणि दुसऱ्या दिवशी हत्यार कायदा कलम ४/२५ खाली गुन्हा नोंदला जावा, ही तर आता आमच्याही तालुक्यांतील नित्याची बातमी. या कोयत्याचा ऊसतोडीच्या कोयत्याशी नामसादृश्यापलीकडे संबंध नाही. ऊसतोड्याचा कोयता क्रोधाच्या भरात हत्यार होतो. हा कोयता मुळातच हत्यार म्हणून विकत घेतलेला, पाठीमागे सदऱ्यात खोचलेला, लुटारूच्या बंदुकीप्रमाणे दाखविण्यासाठी आणलेला असतो. क्रोधाच्या वर्गातील वस्तू दहशतीच्या वर्गात गेली, आणि हातात आहे म्हणून कधीतरी चालविलीही गेली : सांप्रतच्या बदलाचे सार माझ्या मते एवढेच आहे.

यावर उपाय म्हणून पुण्यात विक्रेत्यांनी कोयता घेणाऱ्याचे आधारपत्र पाहून नोंदवही ठेवावी असे फर्मान निघाले. हेतू चांगला, परंतु आमच्या खेड्यांत कोयता दुकानात घेतला जात नाही, लोहाराच्या भात्यापुढे बसून शेवटून घेतला जातो, आणि तो लोहार कोणाची नोंद ठेवणार? दर पंधरवड्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई हुकूम निघतो, त्यात तलवारी, भाले, सोटे, लाठ्या, दगड आणि दाहक द्रव्ये बाळगण्यास मनाई असते. ७ जून २०२३ रोजी शहरात दगडफेक झाली तेव्हा त्या दगडांनी कोणता हुकूम वाचला होता? बंदुकीवर निर्बंध चालतो, कारण ती थोड्यांना करता येते आणि दुरून आणावी लागते. कोयत्यावर निर्बंध चालत नाही. तेथे कोयता धरणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडेच वळावे लागेल, आणि ते काम शाळेचे, तालमीचे, बालन्याय मंडळाचे आणि बापाचे आहे, पुरवठा निरीक्षकाचे नव्हे.

ही सर्व अनुमाने मी फायली चाळून, साक्षी ऐकून आणि वृत्तपत्रे कापून बांधली आहेत. ती चुकीची ठरविण्याइतकी तरी आकडेवारी कोणीतरी जमवावी, अशी माझी इच्छा आहे. त्याला खर्च नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची खुनाची अपिले आता एका छपराखाली येतात, आणि प्रत्येक अपिलाच्या पेपरबुकात जप्ती पंचनामा असतोच. विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी ते पंचनामे वाचून चार रकाने भरावेत : वस्तू कोणती, पाते किती इंचांचे, जागेवर उचलली की आणली, आणि आणली असल्यास कोठून. जिल्हा न्यायालयांच्या नाझरांना माझी वेगळी विनंती आहे. अपिलाची मुदत संपली, मुद्देमाल नष्ट करण्याचा हुकूम हाती आला, की ते लोखंड भंगारात घालण्यापूर्वी त्याचे एक छायाचित्र आणि एका ओळीचे वर्णन आपल्या नोंदवहीत ठेवून द्या.